दूध संघाचं बिल, डेटाबेस सर्व्हर आणि पेज टेबलात अडकलेली ३१ जीबी

पश्चिम महाराष्ट्रातला एक दूध संघ आहे, नाव देत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संकलन केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असा डेटा येतो आणि दर दहा दिवसांनी, म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर, उत्पादकांचं बिल निघतं. बिल निघालं की बँकेला फाइल जाते आणि शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडतात. पशुखाद्याची कपात, अॅडव्हान्स, सगळं त्याच बिलात. त्यामुळे बिलाच्या दिवशी सर्व्हर बसला तर तो प्रश्न फक्त आयटीवाल्यांचा राहत नाही, गावात पेंढीवाल्याचे पैसे थांबतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात जे सापडलं ते पोस्टग्रेस किंवा ओरॅकल हे डेटाबेस चालवणाऱ्या कुठल्याही मोठ्या मशीनवर सापडू शकतं आणि ते शोधायला दोन ओळींचं गणित पुरतं.

मशीन असं: दोन सॉकेटचा सर्व्हर, १२८ जीबी रॅम (ओएसला दिसते १२५), रॉकी लिनक्स ८, म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ४.१८, त्यावर पोस्टग्रेस १३. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती सामायिक मेमरी, ३२ जीबी, मॅक्स कनेक्शन्स ८००. समोर दोन अॅप सर्व्हर, त्यांचे कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचे साठे) कायम उघडे, दिवसभर साधारण ६२० कनेक्शन जिवंत. पोस्टग्रेसमध्ये एक कनेक्शन म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस, थ्रेड नाही, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

तक्रार काय होती तर बिलाची बॅच एरवी तासाभरात व्हायची ती चार-चार तास चालायची, त्याच वेळी संकलनाच्या एंट्र्या टाइमआउट व्हायच्या, आणि मध्येच कधीतरी सगळीच कनेक्शनं एकदम तुटायची. संघाचं सिस्टीम बघणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, "सर, डेटाबेस रिस्टार्ट केला की एक-दोन दिवस एकदम मस्त पळतंय, मग हळूहळू जड होत जातंय, म्हणून आम्ही आता बिलाच्या आदल्या रात्री रिस्टार्टच मारतो." हे वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं. रिस्टार्टने बरं होतं आणि हळूहळू बिघडतं म्हणजे काहीतरी साठत जातंय, आणि ते डिस्कवर नाही, मेमरीत साठतंय.

त्याआधी एक उपाय करून झाला होता. रॅम ६४ ची १२८ केली होती, आणि रॅमचा पाव भाग शेअर्ड बफर्सना द्यायचा हा सर्वमान्य नियम पाळून शेअर्ड बफर्स १६ चे ३२ जीबी केले होते. फरक काही पडला नाही. आता २५६ करा असं कोटेशन टेबलावर आलेलं होतं. रॅम दुप्पट करून रोग जसाच्या तसा राहतो म्हणजे रोगही रॅमच्या प्रमाणातच वाढतोय, आणि असा रोग ओळखायला सोपा असतो.

बिलाच्या दिवशी लॉगिन करून पहिल्यांदा टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) बघितला तर प्रत्येक पोस्टग्रेस प्रोसेससमोर २५-३० जीबी रेसिडेंट, म्हणजे रॅममध्ये बसलेली मेमरी. नवखा माणूस घाबरतो, पण त्यात जवळजवळ सगळी शेअर्ड मेमरी असते, तीच ३२ जीबी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. तो आकडा सोडून द्यायचा. व्हीएमस्टॅटमध्ये सिस्टीम टाइम (सीपीयूचा कर्नलमध्ये जाणारा वेळ) ४०-५० टक्के, यूजर टाइम (प्रोग्रामच्या स्वतःच्या कामाचा) त्याहून कमी, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मात्र जवळपास रिकामा. सार -बी ही मेमरीची हालचाल दाखवणारी कमांड लावली तर डायरेक्ट स्कॅनचा कॉलम भरभरून वाहत होता. डायरेक्ट स्कॅन म्हणजे काय, तर ज्या प्रोसेसला मेमरी हवीय तिलाच कर्नल सांगतो की आधी तू स्वतः कुठूनतरी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) मोकळी कर आणि मग घे. म्हणजे बिलाची क्वेरी बिल काढायचं सोडून मेमरी झाडत बसलेली.

आता हिशोब जुळवायचा. प्रत्येक बॅकएंडची, म्हणजे एकेका कनेक्शनच्या प्रोसेसची, स्वतःची खासगी मेमरी /प्रोक मधल्या एसमॅप्स_रोलअप फाइलमधून काढली, सरासरी ६०-७० एमबी निघाली. पूलमधली कनेक्शनं दिवसेंदिवस उघडी राहिली की कॅटलॉग कॅश, प्लॅन कॅश फुगत जातो, ते नॉर्मल आहे. ६२० प्रोसेसचे मिळून ४० जीबीच्या आसपास. शेअर्ड ३२. म्हणजे ७२-७३ जीबीचा पत्ता लागला. उरलेल्या ५० मध्ये फाइल कॅश (डिस्कवरच्या फाइलींची रॅममधली प्रत) निवांत बसायला हवी होती, पण ती होती जेमतेम १५-१६ जीबी. मधली तीसेक जीबी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नव्हती.

ती सापडते /प्रोक/मेमइन्फो या कर्नलच्या मेमरी-हिशोबाच्या फाइलमध्ये. लोक त्या फाइलच्या पहिल्या पाच ओळी वाचून बंद करतात. जरा खाली एक ओळ असते, पेजटेबल्स. तिथे लिहिलं होतं ३१ जीबी.

हे ३१ जीबी म्हणजे डेटा नाही, डेटाचा पत्ता सांगणारी यादी आहे. कर्नल रॅम ४ केबीच्या पानांमध्ये वाटतो आणि प्रोसेसचा कुठला पत्ता कुठल्या पानावर आहे हे पेज टेबलात लिहून ठेवतो, एका पानाला ८ बाइटची एक नोंद. ३२ जीबी भागिले ४ केबी म्हणजे ८३ लाख ८८ हजार ६०८ पानं, गुणिले ८ बाइट, बरोब्बर ६४ एमबी. एका प्रोसेसला. शेअर्ड मेमरीचं पान एकच असलं तरी त्याची यादी प्रत्येक प्रोसेस आपापली वेगळी ठेवते, म्हणजे गावाचा सातबारा एकच पण प्रत्येक खातेदाराने अख्ख्या गावाच्या सातबाऱ्यांची नक्कल आपापल्या घरात ठेवावी असा प्रकार. ६२० गुणिले ६४ एमबी म्हणजे ३८ जीबीच्या वर. आमच्याकडे ३१ होते कारण सगळ्या बॅकएंडनी अजून सगळा भाग हाताळला नव्हता. खात्री करायला एकेका प्रोसेसच्या /प्रोक मधल्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमपीटीई ही ओळ बघितली, जुन्या कनेक्शनांचं ५८, ५९, ६१ एमबी, नुकत्याच उघडलेल्या कनेक्शनचं जेमतेम दोन-तीन. त्या दोन आकड्यांतच रिस्टार्टचं कोडं सुटलं. टेबलं सुरुवातीला रिकामी असतात, प्रोसेस पानाला हात लावेल तशी भरतात, आणि कनेक्शन बंद होईपर्यंत कमी होत नाहीत. त्यातही अशी गोम आहे की टेबलाचं एक पान २ एमबीचा इलाका सांभाळतं, त्या २ एमबीतल्या एका जरी पानाला स्पर्श झाला तरी टेबलाचं अख्खं ४ केबीचं पान खर्ची पडतं, आणि इंडेक्समधून इकडेतिकडे उड्या मारणाऱ्या क्वेऱ्या बरोबर तेच करतात, थोडं थोडं सगळीकडे हात लावतात. त्यामुळे पूर्ण ६४ च्या जवळ जायला पूर्ण ३२ जीबी वाचावी लागत नाही. रिस्टार्ट केलं की सगळी टेबलं साफ, शेअर्ड बफर्सही नव्याने भरायला वेळ घेतात, म्हणून एक-दोन दिवस बरं.

रॅम वाढवून उपयोग का झाला नाही तेही याच गणितात आहे. १६ जीबी शेअर्ड बफर्सला टेबल ३२ एमबी, ३२ जीबीला ६४. रॅम दुप्पट, बफर्स दुप्पट, टेबलंही दुप्पट. २५६ केली असती आणि बफर्स ६४ केले असते तर ६२० कनेक्शनांनी टेबलांतच ७५ जीबीच्या वर खाल्ले असते. कोटेशन थांबवलं.

कनेक्शनं एकदम का तुटायची, तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ओओएम किलरची, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेची, नोंद होती. बॅच सुरू झाली की वर्क मेम (सॉर्टसारख्या कामांची मेमरी) धरून अजून १५-२० जीबी मागायची, फाइल कॅश संपलेली, कर्नलने एक बॅकएंड मारला. पोस्टग्रेसमध्ये एखादा बॅकएंड असा किलने मेला की पोस्टमास्टरला (पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला) शेअर्ड मेमरी शाबूत आहे याची खात्री राहत नाही, तो बाकीच्या सगळ्यांना घरी पाठवतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. म्हणून एक मेला की ६२० तुटायची.

आता सिस्टीमवरचं जुनं "ट्यूनिंग" बघू, कारण या प्रकरणाचा मला सगळ्यात लागलेला भाग हा आहे. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, फाइलमध्ये चाळीसेक ओळी होत्या, कुणीतरी कधीतरी आणून चिकटवलेल्या, एकाही ओळीसमोर ती का टाकली हे लिहिलेलं नाही. सगळ्यात वर शेममॅक्स आणि शेमऑल. हे सिस्टीम फाइव्हच्या (युनिक्सच्या एका जुन्या पद्धतीच्या) शेअर्ड मेमरीची कमाल मर्यादा ठरवणारे पॅरामीटर, जुन्या युनिक्सपासूनचे, सोलारिसवर १० च्या आधी यासाठी /ईटीसी/सिस्टीम मध्ये ओळ टाकून मशीन रीबूट करावं लागायचं, तेव्हा ते खरोखर गरजेचे होते. पण पोस्टग्रेसने ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, मुख्य मेमरी एममॅपने (मेमरी मागायच्या दुसऱ्या पद्धतीने) घ्यायला सुरुवात केली, सिस्टीम फाइव्हचा फक्त एक चिमूटभर तुकडा ठेवला, आणि लिनक्सने ३.१६ मध्ये या दोघांचे डिफॉल्टच प्रचंड करून टाकले. म्हणजे या ओळी इथे असून नसून सारख्या. त्याखाली नेटवर्क कनेक्शनांसाठीचं टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल एक. हा तर ४.१२ मध्ये, २०१७ साली, कर्नलमधून काढूनच टाकलाय, प्रत्येक बूटला "अशी फाइल नाही" असा एरर येत होता आणि कुणी वाचत नव्हतं. बरं झालं काढला, कारण तो नॅटच्या (अनेक यंत्रं एकाच आयपी पत्त्याने बाहेर दिसण्याच्या सोयीच्या) मागच्या क्लायंटांची कनेक्शनं टाइमस्टॅम्प जुळत नाही म्हणून गुपचूप टाकून द्यायचा, आणि इथली निम्मी संकलन केंद्रं मोबाइल डेटावर, म्हणजे मोबाइल कंपनीच्या नॅटमागेच आहेत.

खरं नुकसान करणाऱ्या ओळी दोन होत्या. एक, व्हीएम.स्वॅपीनेस (स्वॅप वापरण्याकडे कर्नलचा कल किती) शून्य. डेटाबेस सर्व्हरवर स्वॅप नको म्हणून शून्य करा हा सल्ला जुन्या कर्नलच्या काळातला. ३.५ पासून शून्याचा अर्थ कडक झाला, मोकळी मेमरी आणि फाइल कॅश अगदी तळाला जाईपर्यंत कर्नल स्वॅपला हात लावत नाही, आधी सगळी फाइल कॅश खरवडतो. त्यामुळे ८ जीबी स्वॅप रिकामा असताना ओओएम किलर आला. दोन, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) दर तासाला ड्रॉप_कॅशेस, म्हणजे कॅश रिकामी करायचा आदेश. मेमरी कमी दिसते म्हणून कुणीतरी लावलेलं. त्याने पेज टेबलातली एक बाइट सुटत नाही, सुटते ती फाइल कॅश, जी आधीच कमी होती. दर तासाच्या ठोक्याला डिस्क रीडचं उंच टोक ग्राफवर स्पष्ट दिसत होतं.

उपाय ह्यूज पेज. ४ केबीऐवजी २ एमबीचं पान घेतलं तर ३२ जीबीला १६,३८४ पानं पुरतात, नोंदींचा खर्च प्रत्येक प्रोसेसला १२८ केबी. ६४ एमबीचे १२८ केबी. शिवाय ही पानं स्वॅप होत नाहीत आणि मेमरी झाडताना कर्नल त्यांच्याकडे बघतही नाही, एरवी शेअर्ड पान मोकळं करायचं तर ते ज्या ६२० टेबलांत नोंदलंय ती सगळी धुंडाळावी लागतात, तो सिस्टीम टाइमही वाचतो. जुन्या युनिक्सवाल्यांना यात नवल वाटणार नाही, एआयएक्सवर १६ एमबीची पानं होती आणि सोलारिसच्या आयएसएम या शेअर्ड मेमरीच्या सोयीत तर ही टेबलंच प्रोसेसांमध्ये वाटून घेतली जायची.

गंमत म्हणजे पोस्टग्रेसच्या कॉन्फिगमध्ये ह्यूज_पेजेस ट्राय असं होतंच, तो डिफॉल्टच आहे, आणि संघाच्या लोकांचं म्हणणं होतं की ते चालू आहे. ट्रायचा अर्थ मिळाली तर घे, नाही मिळाली तर चुपचाप ४ केबीवर चाल. कर्नलकडे एकही ह्यूज पेज राखून ठेवलेलं नव्हतं, व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस शून्य, म्हणजे मिळायचा प्रश्नच नव्हता.

किती पानं लागतील ते अंदाजाने टाकायचं नाही. पोस्टमास्टरच्या स्टेटस फाइलमधला व्हीएमपीक (आतापर्यंत घेतलेली सर्वाधिक मेमरी) घेतला, साधारण ३ कोटी ४५ लाख ६० हजार केबी, भागिले २०४८, म्हणजे १६,८७५. थोडी मोकळीक धरून १७,००० ठरवले. (पोस्टग्रेस १५ पासून शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस विचारलं की हा आकडा तोच सांगतो, १३ वर हातानेच काढावा लागतो.) खूप जास्त ठेवू नका, कारण राखलेली ह्यूज पेजेस दुसऱ्या कुणालाच वापरता येत नाहीत, ना फाइल कॅशला ना बॅकएंडला.

चालू मशीनवर सिसकंट्रोलने १७,००० लिहिले, कमांड काही न बोलता परत आली, आणि मेमइन्फोमध्ये ह्यूजपेजेस_टोटल दाखवत होतं ११ हजार आणि काहीतरी. ही जागा नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बरेच दिवस चाललेल्या मशीनवर मेमरीचे तुकडे झालेले असतात, २ एमबीचे सलग तुकडे जेवढे सापडतात तेवढे कर्नल देतो आणि कमी दिले म्हणून एरर देत नाही. लिहिलेला आकडा नाही, मिळालेला आकडा बघायचा. सिसकंट्रोल.डी मध्ये वेगळी फाइल करून रीबूट घेतला, बूटच्या सुरुवातीलाच मागितल्यावर पूर्ण १७,००० मिळाले, दोन्ही न्यूमा नोडवर (एकेका सॉकेटच्या वाट्याच्या रॅमवर) साडेआठ-साडेआठ हजार. आणि पोस्टग्रेसमध्ये ह्यूज_पेजेस ट्रायचं ऑन केलं. यावर थोडी चर्चा झाली, तिकडून प्रश्न होता की पानं कमी पडली तर डेटाबेस सुरूच होणार नाही, मग? माझं म्हणणं हेच की सुरू होऊ नये. रविवारी रात्री मेंटेनन्समध्ये उघडपणे अडलेलं परवडतं, २१ तारखेला बिलाच्या मध्यावर गुपचूप बसलेलं परवडत नाही. पटलं त्यांना.

सुरू केल्यावर लगेच त्यांचा मेसेज, ह्यूजपेजेस_फ्री तर जवळपास सगळी फ्री दाखवतंय, म्हणजे वापरतच नाही का? तसं नाही, शेजारची ह्यूजपेजेस_आरएसव्हीडी बघा, तिथे सोळा हजारांच्या वर आकडा होता, म्हणजे पोस्टग्रेसने जागा आरक्षित केलीय, हात लागेल तशी फ्री कमी होत जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फ्री खाली आलं होतं.

ट्रान्सपरंट ह्यूज पेज ही वेगळी चीज आहे, नावावरून घोळ होतो म्हणून लिहितो. ती बॅकएंडच्या खासगी मेमरीसाठी कर्नल आपणहून जोडत बसतो, आपल्या शेअर्ड बफर्सना इथे तिचा उपयोग नव्हता, उलट पानं जुळवताना मध्येच अडखळ येऊ शकते. ती ऑलवेजवर (कायम चालू) होती, मॅडव्हाइज (प्रोग्रामने मागितली तरच) केली.

बाकीचे बदल थोडक्यात. स्वॅपीनेस १०. ड्रॉप_कॅशेसचा क्रॉन काढला. ओव्हरकमिट_मेमरी २ केली, म्हणजे मेमरी संपत आली तर मागणाऱ्या क्वेरीला एरर मिळेल, कुणाला मारलं जाण्याची शक्यता खूप कमी होते. पण यात एक खाच आहे, कमिट लिमिट (प्रोसेसना एकूण किती मेमरी कबूल करायची ती मर्यादा) काढताना कर्नल ह्यूज पेजेस आधी वजा करतो, मग ओव्हरकमिट_रेशोने गुणतो आणि स्वॅप मिळवतो. १२५ वजा ३३, ९२, त्याचे ८० टक्के साडेत्र्याहत्तर, अधिक ८, म्हणजे ८१ जीबीच्या आसपास. रेशो डिफॉल्ट ५० वर ठेवला असता तर ५४ वरच अडलं असतं आणि ४० जीबीचे बॅकएंड अधिक बॅच त्यात बसली नसती. डिस्कवर लिहायच्या राहिलेल्या पानांची मर्यादा डर्टी_बॅकग्राउंड_रेशोऐवजी बाइट्समध्ये २५६ एमबी आणि डर्टी_बाइट्स १ जीबी, कारण एवढ्या रॅमवर १० टक्के म्हणजे अनेक जीबी एकदम डिस्कवर लोटले जातात आणि चेकपॉइंटला (डेटा डिस्कवर पक्का लिहायच्या टप्प्याला) धक्का बसतो. जुन्या चाळीस ओळींतली एकही ठेवली नाही, नव्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या वर मराठीत एक ओळ कॉमेंट, हा आकडा कुठून आला आणि काय बदललं तर तो परत काढायचा.

पुढच्या बिलाला पेजटेबल्स ८०० एमबीच्या आत, सिस्टीम टाइम पाच-सात टक्के, फाइल कॅश चाळीस जीबीच्या पुढे, बॅच तासाभराच्या आत. आदल्या रात्रीचा रिस्टार्ट बंद झाला आणि त्यानंतर ओओएमची नोंद नाही.

६२० कनेक्शनं मुळात का, हा प्रश्न बरोबर आहे आणि खरं उत्तर पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा मधला प्रोग्राम) हेच आहे, शंभरच्या आत काम होईल. पण त्यांचं अॅप टेंपररी टेबलं आणि सेशनला चिकटलेल्या सेटिंग्ज वापरतं, ट्रान्झॅक्शन पूलिंगला (एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला द्यायच्या पद्धतीला) ते चालत नाही, अॅपमध्ये बदल करावे लागतील आणि त्याला वेळ आहे. कर्नलचा बदल एका रीबूटमध्ये होतो, म्हणून तो आधी केला.

काही महिन्यांनी त्यांच्यातल्या एकाने रात्रीच्या मेंटेनन्समध्ये शेअर्ड बफर्स ४० जीबी केले, पोस्टग्रेस सुरू होईना, लॉगमध्ये शेअर्ड मेमरी मॅप करता आली नाही आणि त्याखाली ह्यूज पेजेसचा हिंट. त्याने फाइलमधली कॉमेंट वाचली, बफर्स ८ जीबीने वाढले म्हणजे ४०९६ पानं, वर थोडी मोकळीक, म्हणून आकडा २१,३०० केला, रीबूट घेतला, मेमइन्फोमध्ये मिळालेली पानं मोजली, नव्या आकड्यांवर कमिट लिमिटही तपासलं आणि सकाळच्या संकलनाआधी मला फक्त "झालं" एवढा मेसेज टाकला. आता त्यांच्या मॉनिटरिंगमध्ये पेजटेबल्सचा ग्राफ कायमचा आहे, ५ जीबीवर अलार्म.